पुन्हा आलेला पेशंट

व्यसनमुक्ती किंवा मानसिक आरोग्याच्या कामात येऊ पाहणारी मुलंमुली भेटतात तेव्हा बहुतेकांचं पहिलं वाक्य एकच असतं, मला लोकांना मदत करायचीय. चांगलंच आहे, त्या इच्छेशिवाय इथे कुणी येत नाही आणि येऊही नये. पण मी लगेच विचारते की ज्याच्यासाठी तू महिनोन्महिने राबलीस, ज्याच्या बायकोने तुझे हात धरून आभार मानले, तोच माणूस परत पिऊन दारात उभा राहिला तर तुझा चेहरा कसा असेल? बहुतेक जण गप्प होतात. काही म्हणतात वाईट वाटेल. वाईट तर वाटणारच, पण तो माणूस आत येणार की तसाच मागे फिरणार हे त्या वेळी तुमच्या चेहऱ्यावर त्याला काय दिसतं त्यावर बरंचसं ठरतं, आणि मला आता असं वाटायला लागलंय की या नोकरीतलं निम्मं शिकणं त्या एका घडीसाठीच असतं.

बाकीचं निम्मं कोर्समधे मिळतं. कुणी सायकॉलॉजी करून येतं, कुणी सोशल वर्क, कुणी नर्सिंग, आणि कुणी स्वतः व्यसनातून नाहीतर आजारातून बाहेर पडून. या शेवटच्या वाटेने आलेल्यांकडे बघून अजूनही काही लोक नाक मुरडतात, डिग्री कुठाय म्हणून. अशांना मला जाँ-बाप्तिस्त प्युसँबद्दल सांगावंसं वाटतं. हा माणूस पॅरिसजवळच्या बिसेत्र हॉस्पिटलमधे आधी स्वतः पेशंट होता, गंडमाळेचा. बरा झाल्यावर तिथेच कामाला लागला आणि पुढे मनोरुग्णांच्या विभागाचा प्रमुख झाला. १७९३ साली फिलिप पिनेल तिथे डॉक्टर म्हणून आला तेव्हा त्याने बघितलं की प्युसँ मदतनीस म्हणून शक्यतो बरे झालेले पेशंटच घेतो, कारण ते आजारी माणसाशी माणसासारखे वागतात. बिसेत्रमधल्या मनोरुग्णांना बांधलेल्या साखळ्या १७९७ मधे काढल्या त्यासुद्धा प्युसँनेच, पिनेल तोवर दुसऱ्या हॉस्पिटलला गेला होता, पण श्रेय मात्र कितीतरी वर्षं डॉक्टरांच्याच नावावर राहिलं. डिग्रीवाल्यांनी हे लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं, आणि मी स्वतः डिग्रीवालीच आहे.

त्यामुळे मला एक प्रश्न नेहमी येतो. ग्रुप संपलेला, खुर्च्या अजून गोलात, सगळे उठून गेलेले आणि एक काका तेवढे बसून राहिलेले. मला म्हणाले, ताई, तुम्ही कधी घेतलीय का? मी म्हटलं, नाही. मग तुम्हाला काय कळणार आमचं? मी म्हटलं, नाहीच कळणार काका, म्हणून तर विचारतेय, सकाळी उठल्यावर सगळ्यात आधी काय होतं? ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग खांद्यावरचा टॉवेल काढला, मानेमागून घेतला, एक टोक डाव्या मुठीत धरलं, दुसरं टोक उजव्या हातात, त्याच हातात जणू ग्लास आहे अशी मूठ केली आणि डाव्या हाताने टॉवेल हळूहळू खाली ओढत उजवा हात तोंडापर्यंत आणला. म्हणाले, हात इतका हलतो की ग्लास ओठाला लागेपर्यंत अर्धा सांडतो, मग असं करायचं. पहिला घोट उलटून पडतो. दुसरा पोटात राहतो. मग अंघोळ, मग ऑफिस. मजा कधीच संपली ताई, मजेसाठी कोण पितंय.

मी प्यायले नाहीये हे मी लपवलं असतं किंवा लगेच सारवासारव केली असती तर तो टॉवेल मला दिसला नसता. तुम्ही त्या वाटेने गेला नसाल तर सरळ नाही म्हणा आणि पुढचा प्रश्न विचारा. गेला असाल तर सांगा, पण थोडक्यात, कारण ती वेळ समोरच्याची असते. स्वतः सावरलेल्या काही चांगल्या कार्यकर्त्यांचं इथेच चुकतं असं मला दिसतं, समोरचा दोन वाक्यं बोलतो आणि मग याची कहाणी सुरू होते, ती खरी असते, कळकळीची असते, पण तो बिचारा पुन्हा श्रोताच होऊन बसतो.

त्या काकांच्या हाताकडे परत येते, कारण नवीन माणसाने सगळ्यात आधी शिकायची गोष्ट शरीराची आहे, मनाची नंतर. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबवलं की शेवटच्या घोटानंतर साधारण ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. ४८ ते ९६ तासांच्या टप्प्यात काहींना डिलिरियम ट्रेमेन्स होतं, म्हणजे दरदरून घाम, ताप, छातीत धडधड, कुठे आहोत ते कळेनासं होणं, भिंतीवर किडे दिसणं. नाईट ड्युटीला एखादा पेशंट चादरीवरून नसलेलं काहीतरी वेचून काढत बसलेला दिसला तर त्याला समजावत बसायचं नसतं, त्याच मिनिटाला डॉक्टरला उठवायचं असतं. उपचार नसतील तर माणूस यात जातो. झोपेच्या आणि शांत ठेवणाऱ्या ठरावीक गोळ्या, बेन्झोडायझेपिन म्हणतात त्या, अचानक बंद केल्या तरी तसाच धोका. हेरॉईनसारख्या अफूवर्गातल्या नशेचं उलटं आहे, ती सोडताना होणारे हाल बघवत नाहीत पण निव्वळ त्या त्रासाने माणूस सहसा मरत नाही, त्याचा खरा धोका नंतर येतो, त्याबद्दल पुढे लिहितेच. हे सगळं डॉक्टर-नर्सचं काम आहे, आपलं नाही, असं समुपदेशकांनी म्हणू नये, कारण रात्री दोन वाजता कॉरिडॉरमधे तुम्हीच असता.

मग बोलण्याचं. आपल्याला वाटतं समजावलं की माणूस ऐकेल. लिव्हरचे रिपोर्ट दाखवू, मुलांचे चेहरे आठवायला लावू, कर्जाचा हिशोब मांडू. यातलं प्रत्येक वाक्य त्याने आधी शंभरदा ऐकलेलं असतं आणि प्रत्येकाला त्याच्याकडे उत्तर तयार असतं, आणि गंमत अशी की तुम्ही सोडायची बाजू जितकी जोरात लावून धराल तितकी पिण्याची बाजू त्याला लावून धरावी लागते, आणि आपल्याच तोंडून ती ऐकत ऐकत तो तिथे अजून घट्ट होतो. विल्यम मिलर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने हे फार बारकाईने बघितलं. १९८० च्या आसपास त्याच्याच एका अभ्यासात दिसलं की दारू कमी होण्याचा संबंध समुपदेशक किती सहृदयतेने ऐकतो याच्याशी आहे, आणि तो चांगलाच दाट आहे. पुढे तो नॉर्वेला होता तेव्हा तिथले तरुण सायकॉलॉजिस्ट त्याला सारखे अडवून विचारायचे की तू आत्ता हेच का बोललास, दुसरं का नाही, आणि त्यांना उत्तरं देता देता त्याची पद्धत त्याला स्वतःलाच दिसत गेली. १९८३ ला त्याने ती लिहून काढली आणि नंतर स्टीफन रोलनिकबरोबर वाढवली. मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग म्हणतात ती हीच. बदलायचं का, कशासाठी, ही कारणं पेशंटच्या तोंडून यायला हवीत, तुमच्या नाही. वाचायला सोपं आहे. प्रत्यक्षात समोरचा म्हणतो की मला काही प्रॉब्लेम नाहीये, बायकोच वेडी आहे, आणि तुमच्या जिभेवर उत्तर तयार असतं, ते गिळून तुम्ही म्हणता की घरी खूप ताण आहे म्हणजे, आणि थांबता. ते थांबणं जमायला वेळ लागतो. पण जमलं की दहा-पंधरा मिनिटांत तोच माणूस हळूच म्हणतो, तसं तिचंही बरोबर आहे म्हणा.

आता परत येणाऱ्या माणसाबद्दल. अल्कोहोलिक्स अनॉनिमसची, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी मीटिंगमधे एकमेकांना सांभाळायच्या एए या चळवळीची, सुरुवात सगळ्यांना माहीत असते, १९३५, अमेरिकेतलं ॲक्रन गाव, बिल विल्सन आणि डॉ. बॉब हे दोन दारुडे भेटले आणि चळवळ उभी राहिली. मधला भाग फार कुणी सांगत नाही. बिलने त्याआधी न्यूयॉर्कमधे कितीतरी दारुड्यांना उपदेश केला होता, एकही टिकला नाही, आणि त्याच्या डॉक्टरने, सिल्कवर्थने, त्याला सांगितलं की प्रवचन बंद कर. मे महिन्यात तो डॉ. बॉबला भेटला तेव्हा त्याला सुधारायला गेला नव्हता, धंद्यातला सौदा फिसकटला होता, हॉटेलात एकटा होता, आज पिणार अशी स्वतःचीच भीती वाटत होती म्हणून त्याला बोलायला दुसरा दारुडा हवा होता. डॉ. बॉब प्यायचे थांबले. काही आठवडे. मग डॉक्टरांच्या एका अधिवेशनाला गेले आणि वाटेतच सुरू झाले. म्हणजे ज्या माणसाला आज जगभर संस्थापक म्हणून मान आहे तो पहिल्या काही आठवड्यांतच घसरला होता. परत आला तेव्हा बिल आणि ॲन, डॉ. बॉबची बायको, दोघांनी त्याला सांभाळलं, आणि पुढे डॉ. बॉबला एक ऑपरेशन करायचं होतं त्या सकाळी हात स्थिर राहावा म्हणून बिलने स्वतः त्याला एक बिअर दिली. ती शेवटची. १० जून १९३५ ही तारीख एए आजही आपला वाढदिवस म्हणून पाळते. मला यातलं सगळ्यात मोलाचं हे वाटतं की त्या घरात त्या दिवशी कुणी असं म्हटलं नाही की बघ, तुला जमणार नाही हे माहीतच होतं.

रिलॅप्सचे, म्हणजे सुटलेलं व्यसन परत सुरू होण्याचे, आकडे नवीन माणसाने पहिल्याच आठवड्यात पाठ करावेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यसन संशोधन संस्थेचा नेहमी दिला जाणारा अंदाज ४० ते ६० टक्क्यांचा आहे, आणि ब्लडप्रेशर किंवा दम्याच्या पेशंटांमधे आजार पुन्हा उचल खाण्याचं प्रमाण याच्या जवळपास, किंबहुना थोडं जास्तच धरलं जातं. पण बीपी वाढलं म्हणून परत आलेल्याला कुणी विचारत नाही की तुला लाज कशी वाटत नाही. आमच्याकडे येणाऱ्याला घरचे विचारतात, शेजारी विचारतात, आणि खेदाने सांगते, स्टाफमधलेही विचारतात, शब्दांत नाही तर फॉर्म पुढे सरकवण्याच्या पद्धतीत.

परत आलेल्याला पहिल्या दिवशी का प्यायलास हे विचारू नये असं माझं मत आहे. का विचारलं की तो कारण बनवून देतो, कारण त्याला स्वतःलाही ते नीट माहीत नसतं. विचारायचं ते एवढंच, शेवटची कधी घेतली, किती, बरोबर अजून काही घेतलंय का, शेवटचं कधी खाल्लं, झोप कधी झाली, जीव द्यावासा वाटतोय का. ये, बस, पाणी घे. नाव घेऊन बोलावं, मागची आठवण असेल तर ती काढावी, पोरीची परीक्षा होती ना तुझ्या, झाली का. का आलास परत असा सूर नसावा आणि अरे वा आलास असा उसना उत्साह पण नसावा. आठवडाभराने, अंगातलं विष उतरल्यावर, मग मागे मागे जायचं. पहिल्या घोटाच्या आधीचे दिवस कसे गेले? तिथे बहुतेक वेळा सापडतं, फॉलोअपला यायचं बंद झालं होतं, झोप उडाली होती, डिप्रेशनची गोळी स्वतःच सोडली होती, मीटिंगच्या वेळेला कामं निघत होती. घसरण हातात ग्लास येण्याच्या खूप आधी सुरू झालेली असते. ॲलन मार्लॅट या मानसशास्त्रज्ञाने अजून एक गोष्ट दाखवली ती मी प्रत्येकाला सांगते, एकदा प्यायलं गेलं की मनात येतं आता सगळं संपलंच, मग कशाला थांबायचं, आणि त्या संपलंच मुळे एका घोटाचे पंधरा दिवस होतात. म्हणून पेशंट घरी जातानाच त्याला म्हणून ठेवायचं की कधी चुकून घेतली गेली तर दुसऱ्या घोटाच्या आधी फोन कर, आम्ही ओरडणार नाही. आणि खरंच ओरडायचं नाही.

अफूवर्गातल्या नशेबाबत तर ही गोष्ट थेट जिवाची आहे. काही आठवडे बंद राहिलं की शरीराची सवय उतरते आणि माणूस मात्र जुन्याच मापाने घेतो. म्हणून सेंटरमधून किंवा तुरुंगातून बाहेर पडल्यानंतरचे पहिले काही आठवडे ओव्हरडोसच्या दृष्टीने सगळ्यात वाईट. नॅलॉक्सोन नावाचं औषध वेळेत मिळालं तर थांबलेला श्वास परत येऊ शकतो, ते कसं द्यायचं हे या क्षेत्रातल्या प्रत्येकाने शिकून घ्यावं आणि पेशंट घरी जाताना हा धोका त्याला आणि घरच्यांना स्पष्ट सांगावा. सांगितलं तर त्याला आयडिया मिळेल, असं म्हणणारे सहकारी भेटतात. माझं म्हणणं उलट आहे, न सांगितल्याने माणसं जातात.

आत्महत्येबद्दल विचारण्याचंही तसंच. विचारलं तर डोक्यात भरेल ही भीती फार जुनी आहे आणि अभ्यासांनी ती खोटी ठरवलीय. आडून आडून विचारू नका, वाईटसाईट विचार येतात का वगैरे. जीव द्यावासा वाटतो का, कसा द्यायचा ते ठरवलंय का, ते साधन घरात आहे का. पहिल्यांदा हे शब्द तोंडातून निघत नाहीत, म्हणून आधी सहकाऱ्याबरोबर मोठ्याने म्हणून बघा. आणि हो, गुप्तता पाळू असं सांगतानाच ती कुठे संपते तेही पहिल्या भेटीत सांगून ठेवा, म्हणजे जिवाचा प्रश्न आला की मी डॉक्टरांना सांगणार, हे त्याला नंतर दगाफटका वाटत नाही.

औषधांवरून आमच्या क्षेत्रात जे ऐकायला मिळतं त्याने मला खरंच राग येतो. गोळ्या म्हणजे पण नशाच, एक सोडून दुसरी धरली, मन घट्ट कर. हे ऐकून एखादा डिप्रेशनचं किंवा सायकोसिसचं औषध बंद करतो आणि मग जे होतं ते निस्तरायला हे बोलणारे नसतात. मेथाडोन आणि ब्यूप्रेनॉर्फिन ही अफूवर्गातल्या नशेवरची औषधं २००५ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत, ती घेत असताना माणसं कमी मरतात, कामावर जातात, मुलांना शाळेत सोडतात. मेथाडोनचे उपचार १९६० च्या दशकात मेरी निसवांडर यांच्यासोबत उभे करणारे डॉ. व्हिन्सेंट डोल पुढे एएचे विश्वस्तही होते, आणि खुद्द बिल विल्सनने त्यांना म्हटलं होतं की दारूसाठीही असं काही शोधा. तेव्हा औषध विरुद्ध मीटिंग हे भांडण निदान त्यांच्या नावाने तरी लावू नका.

घरच्यांसाठी वेळ राखून ठेवा, ही माझी कळकळीची विनंती. पेशंटची फाईल जाडजूड असते आणि त्याच्या बायकोला, आईला, मोठ्या मुलीला कुणी एक प्रश्नसुद्धा विचारलेला नसतो. बिलची बायको लोइस हिने १९५१ मधे घरच्यांसाठी अल-ॲनॉन सुरू केलं, कारण नवरा थांबल्यावरही आपल्या आतलं काही थांबलेलं नाहीये हे तिला कळलं होतं. रात्री किल्लीचा आवाज आला की दचकणं, खिसे तपासणं, वास घेणं. हे महिन्याभरात जात नाही आणि तो सुधारलाय ना आता, मग तुला काय झालं, असं तिला विचारलं जातं.

आणि तुमचं स्वतःचं. बर्नआउटवर, म्हणजे काम करता करता आतून विझून जाण्यावर, पहिला गाजलेला लेख १९७४ चा, हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाचा, आणि तो न्यूयॉर्कमधल्या एका मोफत क्लिनिकमधलं बघून लिहिलेला होता, जिथे नशेत अडकलेली तरुण मुलं यायची. दिवसभर स्वतःची प्रॅक्टिस करून संध्याकाळी तो तिथे रात्री उशिरापर्यंत थांबायचा. म्हणजे बर्नआउटची ओळख झाली ती आपल्याच कामातून. सगळ्यात जास्त जीव ओतणारेच आधी विझतात, आणि विझण्याची खूण थकवा एवढीच नसते, पेशंटबद्दलचं बोलणं बदलतं. आला परत तो, हे लोक असेच, असं तुमच्या तोंडून यायला लागलं की सुपरव्हिजनला, म्हणजे आपल्या कामाबद्दल अनुभवी वरिष्ठाशी बोलायला, जाऊन बसा, त्याच आठवड्यात. खासगी नंबर देऊ नका, उसने पैसे देऊ नका, कितीही रडला तरी. यात निष्ठुरपणा नाही. पहाटे तीनला तुम्ही उचललेल्या फोनची त्याला सवय लागते, आणि ज्या पहाटे तुम्ही झोपलेल्या असता त्या पहाटे त्याच्याकडे दुसरं कुणीच नसतं. त्याचा फोन चार-पाच जण उचलतील अशी सोय करा, त्यात तुम्ही एक.

शेवटी एकच व्यवहाराचं. पहिली नोकरी घेताना पगाराबरोबर हेही विचारा. रात्री डॉक्टर कोण असतो आणि किती वेळात येतो? सुपरव्हिजन कोण देतं, महिन्यातून किती वेळा? पेशंटला कोंडतात का, मारतात का, घरच्यांशी बोलू देतात का? रिलॅप्स होऊन आलेल्याला परत घेतात का, की दंड लावतात, डोकं भादरतात, सगळ्यांसमोर उभं करतात? शक्य असेल तर तिथल्या एखाद्या पेशंटशी पाच मिनिटं एकटं बोलू द्या म्हणावं. हे विचारल्यावर समोरचा चिडला तर ती जागा सोडून द्या, पुढची मिळते. शिकत असताना जे आजूबाजूला बघतो तेच आपण उचलतो, आणि मारहाणीच्या जागी शिकलेली चांगली मुलगी वर्षभरात तिथल्यासारखीच बोलायला लागलेली मी बघितलीय.